दौंडचं पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं

'जुळवणे' या क्रियापदाचा मला आजही राग येतो. लग्न जुळवावं, वेणीचे पेड जुळवावेत, पेटीचा सूर गळ्याशी जुळवावा, त्याला माझी हरकत नाही. पण दौंडच्या आमच्या शाळेत रीडिंग जुळवत असत. विज्ञानाचे सर हात मागे बांधून प्रयोगशाळेच्या टेबलांमधून फिरायचे, प्रत्येकीच्या वहीत मान घालायचे आणि एकच विचारायचे, "जुळलं का?" जुळलं म्हणजे काय, तर समोरच्या काट्यानं जे दाखवलं ते गाईडात छापलेल्या आकड्याशी जुळलं का. नसेल जुळलं तर खोडरबर घ्यायचा आणि काट्याला विसरून जायचं. लोलकाचे झोके मोजायच्या आधीच मुली आकडा लिहून मोकळ्या व्हायच्या आणि उरलेल्या तासात एकमेकींच्या बांगड्या बघायच्या. सरांचं खरं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं अजून दौंडात आहेत आणि त्यांचा यात काही दोष नाही. आम्ही मुली आपसात त्यांना जुळवेसर म्हणायचो, तेच इथं चालू द्या. अशा ठिकाणी 'माणूस मनानं वाईट नव्हता' असं लिहायची रीत आहे. मी लिहिणार नाही. त्यांचं मन मला कधी दिसलं नाही, त्यांनी काय केलं ते दिसलं.

मी मूळची कवठे येमाईची, तिथल्या बौद्धवाड्यातली. घरी आम्ही चौघी बहिणी, आणि दौंडच्या मामा-मामीला लेकरू नव्हतं, म्हणून आठवीला मला मामांकडं पाठवलं. रेल्वे कॉलनीतली दोन खोल्यांची क्वार्टर, पुढं चिंचोळा व्हरांडा, मागं न्हाणी आणि पेरूचं झाड. ती क्वार्टर कधी गप्प नसायची. यार्डात मालगाडीचे डबे जोडताना पहिला डबा आदळला की तो आवाज डब्याडब्यातून पार शेवटपर्यंत पळत जायचा आणि आमच्या फळीवरचे पितळी डबे किणकिणायचे. पहिला आठवडा मी दचकत होते. पुढं सुट्टीत कवठ्याला गेले की तिथं सगळं इतकं गप्प कसं, म्हणून बेचैन व्हायला लागले. मामी हुलग्याची शेंगोळी करायची. पीठ मापट्यानं, मीठ चिमटीनं, लसणाच्या पाकळ्या मोजून आणि पातेल्यातलं पाणी बोटाच्या पेरानं. नव्यानं मोजमाप शिकलेली मी एकदा तिला म्हणाले, "मामी, पेर तर प्रत्येकाचं वेगळं असतं." ती शेंगोळ्याला पीळ देत म्हणाली, "असू दे की. पेर माझं, पातेलं माझं, आन् चूलबी माझीच. दुसऱ्याच्या पातेल्यात मी कशाला बोट घालू?" पुढं शिरूरच्या बाजूला मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, आणि मापनाचा पाठ आला की मुलांना आधी मामीचं पेर सांगायची, मग मीटर. पेर हे कच्चं माप आहे, पण खोटं नाही, एवढं त्यांना कळलं की पुढचं सोपं जायचं.

मामा रेल्वेत रुळांची देखभाल करणाऱ्या गँगचे मुकादम होते. पंधरा-वीस माणसं हाताखाली, आणि खांद्यावर गेज. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर बघायची लांब लोखंडी पट्टी, मधोमध पाण्याची लेव्हल बसवलेली. ती रुळांवर आडवी टाकायची, अंतर किती मिलिमीटर जास्त, म्हणजे ढिला, की कमी ते बघायचं आणि खिशातल्या डायरीत लिहायचं. एका रविवारी मामांनी मला बंद पडलेल्या साइडिंगवर, बाजूच्या वापरात नसलेल्या रुळांवर, नेलं आणि गेज माझ्या हातात दिली. मी ती दमानं टाकली, वाकून बघितलं.

"काय दावतंय?"

"बरोबर आहे, मामा."

"बरोबर हाय का न्हाई ते तुला कुणी इचारलंय? काय दावतंय ते सांग."

मी पुन्हा वाकले. "दोन जास्त."

"मंग दोन ढिला. लिव्ह तसं." मी लिहिलं. मामा शेजारी उकिडवे बसले आणि बोटानं रूळ ठोकत म्हणाले, "आपल्या मनासारखा आकडा लिवला म्हणून रूळ काय आपलं ऐकणार हाय का?"

सगळ्या विज्ञानात मला याहून मोठं वाक्य कुणी शिकवलं नाही, आणि हे सांगणारा माणूस चौथी पास होता. त्यांनी मला आणखी एक दाखवलं. गेज हातात घेतली की ती आधी उलटी करून बघायची. डावं टोक उजवीकडं गेल्यावरही बुडबुडा त्याच जागी आला तर लेव्हल खरी. दुसऱ्याला खोटं म्हणायच्या आधी आपलं माप तपासायचं, हे मामांच्या हाताला इतकं सवयीचं होतं की ते बोलता बोलता करून जायचे.

दहावीच्या वर्षी 'पाण्याचा उत्कलनबिंदू काढणे' हा प्रयोग आला. एका स्टोव्हभोवती चार मुली. बाकी तिघींनी पाणी कोमट व्हायच्या आतच शंभर लिहून टाकलं. मी थर्मामीटरसमोर डोळा सरळ धरून उभी राहिले. पाणी खदखदायला लागलं, पारा चढत चढत अठ्ठ्याण्णवाला आला आणि तिथंच बसला. मी थांबले. पाणी निम्मं आटलं तरी तो हलेना. मी वहीत लिहिलं, अठ्ठ्याण्णव.

"जुळलं का?" सर मागं उभे होते.

"नाही सर. अठ्ठ्याण्णव येतंय."

"थर्मामीटर खराब आहे. शंभर लिही."

"मग दुसरा द्या ना सर."

त्यांनी कपाटातून दुसरा काढून दिला. तोही अठ्ठ्याण्णवाला जाऊन बसला. मुली हसायला लागल्या. सरांनी दुसऱ्यालाही खराब ठरवलं आणि निघून गेले. मला हसू येत नव्हतं. कपाटात आधीच्या वर्षांच्या वह्यांचे गठ्ठे होते, त्यातल्या चार-पाच मी मधल्या सुट्टीत उघडून बघितल्या. सगळीकडं शंभर. शाळा सुरू झाल्यापासून तिथल्या एकाही थर्मामीटरनं शंभर दाखवला नसणार, आणि एकाही वहीत अठ्ठ्याण्णव नव्हतं. इतक्या वर्षांत इतक्या मुलींच्या डोळ्यांनी जे बघितलं ते सगळं खोडरबरानं पुसून टाकलं होतं. ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

घरी मी मामांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "आधी तुझं माप खरं का खोटं ते बघ." पण थर्मामीटर उलटा करून काही कळत नाही. पुस्तकात होतं की वितळत्या बर्फात पारा शून्यावर यायला हवा. दुसऱ्या दिवशी मामांनी फलाटावरच्या सरबतवाल्याकडून बर्फाचा खडा आणला, मामीनं तो भुश्यात घालून डब्यात भरून दिला, आणि मधल्या सुट्टीत मी दोन्ही थर्मामीटर त्या बर्फात बुडवले. दोन्ही शून्यावर, रेघेला रेघ. थर्मामीटर खरे होते. मग पाणी खोटं कसं असेल? मी पुस्तकातला धडा पुन्हा वाचला आणि या वेळी तिथले दोन शब्द डोळ्यांत भरले, जे मी घोकताना नेहमी ओलांडून जायची. पाणी शंभर अंशाला उकळतं, समुद्रसपाटीला.

"मामा, आपण समुद्रसपाटीला आहोत का?"

मामा हसले. "अगं, रोज बघतीस की. पाटीवर लिवलंय."

संध्याकाळी ते मला फलाटाच्या टोकाला घेऊन गेले. पिवळ्या पाटीवर ठळक अक्षरात दौंड, आणि त्याखाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची, पाचशे मीटरच्या वर. त्या पाटीखाली उभं राहून मी कितीतरी वेळा कवठ्याहून येणाऱ्या आईची वाट बघितली होती. आपण समुद्राच्या इतकं वर राहतो, म्हणून आपल्याकडं हवेचा दाब कमी, म्हणून आपलं पाणी दोन अंश आधीच उकळतं. मला इतका आनंद झाला की मी तिथंच टाळ्या वाजवल्या, आणि बाकावरचे हमाल बघायला लागले. आताच्या मुलांना हे सांगितलं तर ती फोन काढून ठिकाणाची उंची एका क्षणात दाखवतात. दाखवावी. पण फोनमध्ये उंची बघून खाली वहीत शंभर लिहिणारीही मी पाहिली आहेत.

मला वाटलं होतं, सर खूश होतील. हे वाक्य लिहिताना मला त्या मुलीची कीव येते. मी बर्फाचं रीडिंग, पाटीवरची उंची आणि अठ्ठ्याण्णव असं सगळं स्वच्छ अक्षरात लिहून वही पुढं केली. सरांनी वाचलं. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

"मला शिकवतेस?"

"नाही सर, पाटीवर..."

"बोर्डाचा पेपर स्टेशनच्या पाटीवरून तपासत नाहीत. शंभर लिही, मग सही." आणि वही परत करता करता, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्हाला तरी कशाला एवढा अभ्यास? तुमची यादी वेगळीच लागते की."

वर्ग हसला. माझ्या शेजारची, जिच्या डब्यातलं मी रोज खायची, तीही हसली. कोणती यादी, ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. एक आकडा बरोबर वाचल्याबद्दल मला माझी जात दाखवली गेली. मी शंभर लिहिलं नाही. सरांनी सही केली नाही.

ही सही म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. प्रयोगवहीवर सरांची सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नसत, आणि प्रात्यक्षिक नाही तर दहावी नाही. दहावी नाही तर काय, ते आण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, कवठ्याहून आलेल्या पत्रात होतं. मांडवगण फराट्याचं स्थळ आलंय, मुलगा बरा आहे, रंजना पास झाली तर पुढं शिकू दे, नाही तर उन्हाळ्यात उरकून टाकू. मी तेव्हा सोळाची होते. आण्णांवर माझा राग नाही, चौघींच्या बापाला तेवढंच सुचत होतं. पण एका बाजूला अठ्ठ्याण्णव आणि दुसऱ्या बाजूला मांडवगणचं स्थळ, असा तराजू सोळा वर्षांच्या पोरीपुढं कुणी धरावा?

सह्या द्यायच्या शेवटच्या आठवड्यात हेडमास्तरांनी मामांना बोलावून घेतलं. मामा ड्युटीवरून तसेच आले, खाकी कपड्यांत, बुटांना खडीची धूळ. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. टेबलाच्या पलीकडं हेडमास्तर आणि शेजारी जुळवेसर. माझी वही मधोमध उघडी.

मामांनी सुरुवात चांगली केली. "साहेब, पोरीनं दोन्ही काचा बर्फात घालून बघितल्यात. माप खरं हाय. आन् आपली उंची तर..."

"मुकादम," हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही रूळ बघा. विज्ञान आम्ही बघतो."

मामांनी उघड्या वहीकडं बघत विचारलं, "सही न्हाई झाली तर काय हुईल?"

"बसता येणार नाही. वर्ष जाईल. नियम आहे."

"पर ते अठ्ठ्यान्नवच हाय ना, साहेब?"

हेडमास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना ठाऊक होतं, हे मला त्या खिडकीबाहेर बघण्यावरून कळलं. पाणी दौंडात लवकर उकळतं कारण इथं हवेचा दाब कमी. त्या खोलीत दाब भरपूर होता.

मामा माझ्याकडं वळले, पण त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. म्हणाले, "रंजे, लिव्ह शंभर."

"मामा, तुम्हीच म्हणाला होता की..."

"लिव्ह म्हणतो न्हवं."

मी खोडरबर घेतला. इतक्या जोरात खोडलं की कागदाचा लगदा निघाला आणि तिथं पान पातळ झालं. त्यावर मी शंभर लिहिलं. सरांनी वाकून बघितलं, म्हणाले, "आता जुळलं," आणि सही केली. मामांनी त्या दोघांना हात जोडले. त्या जोडलेल्या हातांचा राग मला पुष्कळ वर्षं पुरला. तरुण होते तोवर तो मामांवर काढला, कारण ते जवळ होते आणि माझं ऐकून घेत होते. तो राग टेबलाच्या पलीकडं बसलेल्यांचा होता, हे उमगायला मला फार वेळ लागला. घरी जाताना मामा एवढंच म्हणाले, "रूळ माझ्या हातात हाय. सही त्यांच्या हातात हाय." त्या दिवशी मामीनं शेंगोळी केली होती, आणि मी भूक नाही म्हणून सांगितलं.

प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक आले, शिरूरच्या एका शाळेतले, वयस्क, जाड भिंगांचा चष्मा लावलेले. माझा प्रयोग नीट झाला. तोंडी परीक्षेला त्यांनी माझी वही चाळली आणि त्या पातळ झालेल्या पानाशी थांबले. पान उजेडाकडं धरलं. जुळवेसर कपाटाला टेकून उभे होते.

"इथं आधी काय लिहिलं होतं?"

"चुकलं होतं, सर."

"पाणी किती अंशाला उकळतं?"

"शंभर."

"इथं? दौंडात?"

त्यांचा आवाज मऊ होता. त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली होती आणि ते थांबले होते, जसं आपण पोरगं पायरी उतरताना थांबतो. मला बर्फ, पाटी, उंची सगळं जिभेवर आलं. मी कपाटाकडं बघितलं. सर माझ्याकडं बघत होते. मी मांडवगणचा विचार केला, मामांच्या जोडलेल्या हातांचा केला.

"हो सर. शंभर."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल उचलली.

चार दिवसांनी जुळवेसरांनी आम्हाला मार्क सांगितले. मला वीसपैकी एकोणीस. "एक कापला तुझा," सर हसत म्हणाले, "विचित्र माणूस. मला म्हणतो, मुलीनं बरोबर लिहिलेलं खोडलं." त्यांना ती गंमत वाटली होती. त्यांनी ती वर्गाला सांगितली आणि पुढचं नाव वाचलं. संबंध शाळेत, माझ्या सगळ्या परीक्षेत, खरं ऐकायला एकच माणूस आला होता, आणि मी त्याच्याशी खोटं बोलले होते. खोटं बोलायला मला शाळेनं शिकवलं होतं, सही देऊन शिकवलं होतं, आणि नेमकं तेच वापरल्याबद्दल माझा मार्क गेला. पुढं मी शिक्षिका झाले, परीक्षक म्हणून गावोगाव गेले, आणि प्रत्येक वहीत खोडलेल्या जागा उजेडाकडं धरून बघितल्या. खरं लिहून मग खोडलेली एकही मुलगी मला भेटली नाही, म्हणजे आता कुणी आधी खरं लिहीतसुद्धा नसावं.

त्या दिवशी घरी गेले तर मामा व्हरांड्यात बुटांची खडी झटकत होते. ते सकाळपासून वाट बघत असावेत, मामीनं नंतर तसं सांगितलं.

"किती पडलं?"

एकोणीस सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, एक कुठं गेला. ते नेहमी विचारायचे. मग मला ते परीक्षक सांगावे लागले असते, त्यांनी पेन्सिल ठेवली होती ते, आणि मामांनी हात जोडून जे शंभर लिहायला लावलं त्यानंच तो मार्क गेला तेही.

"वीस," मी म्हणाले.

"वीसपैकी?"

"वीसपैकी वीस, मामा."

मामांनी आत मामीला हाक मारून सांगितलं, आणि मग मान खाली घालून पुन्हा बूट झटकायला लागले. त्यांचे डोळे भरले होते. ते गेले तोवर मी त्यांना खरा आकडा सांगितला नाही.